सीपीयूच्या समोरची बटणं, लाईट आणि पोर्ट: दुकानात कॉम्प्युटर वापरताय ना, मग एवढं ओळखता आलंच पाहिजे



आमच्या एका बॅचमध्ये एक ताई होत्या. गावात त्यांचं ऑनलाइन फॉर्म, झेरॉक्स आणि पासपोर्ट फोटोचं छोटं दुकान. एका सकाळी त्यांचा कॉम्प्युटर चालू व्हायचा, पंखा फिरायचा, स्क्रीनवर इंग्रजीत दोन ओळी यायच्या आणि पंधरा सेकंदांत सगळं आपोआप बंद. त्या दिवशी शिष्यवृत्तीच्या फॉर्मची शेवटची तारीख होती, दारात पोरांची रांग. मेकॅनिकला फोन केला तर तो म्हणाला, "मदरबोर्ड गेलेला दिसतोय, चार-साडेचार हजार धरून चला, मशीन घेऊन या." ताईंनी मशीन रिक्षात घातलं आणि तालुका गाठला.

मदरबोर्डला काहीही झालेलं नव्हतं! समोरच्या यूएसबी पोर्टमधली प्लास्टिकची जीभ तुटली होती आणि आतल्या पिना वाकून बाजूच्या पत्र्याला टेकल्या होत्या. म्हणजे शॉर्ट. समोरच्या पोर्टची वायर आतून काढली आणि मशीन पहिल्यासारखं चालू झालं. पण दीड दिवस गेला, रिक्षाचं जाऊन-येऊन भाडं गेलं, आणि रांगेतली पोरं शेजारच्या दुकानात गेली ती गेलीच. गंमत म्हणजे स्क्रीनवरच्या त्या दोन ओळींत कारण स्वच्छ लिहिलेलं होतं: "यूएसबी डिव्हाइस ओव्हर करंट". ते कुणी वाचलंच नाही.

म्हणून आजचा विषय हा. कॅबिनेटचा समोरचा भाग. (आपण सगळे त्या डब्याला सीपीयू म्हणतो. खरं तर सीपीयू म्हणजे आतली काडेपेटीपेक्षाही छोटी चिप. पण दुकानदारही डब्यालाच सीपीयू म्हणतो, तर आपणही तेच म्हणू, भांडण नको.)

पॉवर बटण: एकदा दाबणं वेगळं, दाबून धरणं वेगळं

सगळ्यात मोठं बटण, त्यावर गोल आणि गोलाच्या उघड्या तोंडात उभी रेघ. हे बटण घरातल्या ट्यूबलाईटच्या बटणासारखं आहे असं बहुतेकांना वाटतं. तसं नाही. ट्यूबलाईटचं बटण करंट तोडतं. हे बटण फक्त निरोप देतं. कॉम्प्युटर चालू असताना तुम्ही ते एकदा हलकं दाबलंत की विंडोजला निरोप जातो, "मालकाने बटण दाबलंय, काय करू?" मग सेटिंगमध्ये जे ठरवलं असेल ते विंडोज करतं. कुठे शटडाऊन होतं, कुठे स्लीपमध्ये जातं.

पण तेच बटण चार-पाच सेकंद दाबून धरलंत, तर विंडोजला कुणी विचारतच नाही. सरळ करंट तुटतो. त्या क्षणी बिलिंग सॉफ्टवेअर डेटा लिहीत असेल, टॅलीत एंट्री सेव्ह होत असेल, विंडोजचं अपडेट चालू असेल, तर ते अर्ध्यावर तुटतं. दहा वेळा काही होत नाही, म्हणून सवय लागते. अकराव्या वेळी कंपनीचा डेटाच उघडत नाही, आणि जीएसटी रिटर्नची तारीख तोंडावर असते.

मग मशीन हँग झालं तर करायचं काय? माझी पद्धत सांगतो. आधी हात मागे घ्यायचा आणि डिस्कची लाईट बघायची (तिच्याबद्दल पुढे सांगतोच). ती लुकलुकत असेल तर मशीन जिवंत आहे, काम करतंय, दोन-चार मिनिटं थांबा. नंतर कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबून बघा. त्याची लाईट लागते-विझते? म्हणजे आत कुणीतरी ऐकतंय. कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि अडकलेला प्रोग्रॅम तेवढा बंद करा. तेही जमलं नाही तर पॉवर बटण एकदाच हलकं दाबून मिनिटभर वाट बघा. एवढं सगळं करूनही मशीन ढिम्म असेल, तर मग दाबून धरा. तेव्हा दुसरा इलाज नसतोच.

एक सेटिंग मात्र आजच बदला. दुकानात लहान मुलं येतात, गिऱ्हाईक वाकून बघतं, झाडू लागतो आणि बटण दाबलं जातं. कंट्रोल पॅनलमध्ये पॉवर ऑप्शन्स उघडा. तिथे डाव्या बाजूला "चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू" अशी ओळ असते. त्यात पॉवर बटणासमोर "डू नथिंग" निवडा आणि सेव्ह करा. आता चुकून बोट लागलं तरी काही होणार नाही. बंद करताना स्टार्ट मेन्यूतूनच करायचं, जे तसंही बरोबर आहे. दाबून धरल्यावर मशीन मात्र बंद होणारच, ते या सेटिंगने थांबत नाही.

आणखी एक. शटडाऊन केलं, लाईट विझली, म्हणजे आत करंट नाही असं समजू नका. पिन बोर्डात आहे आणि बटण चालू आहे तोवर मदरबोर्डला ५ व्होल्टचा थोडासा पुरवठा चालूच असतो. बऱ्याच मदरबोर्डवर तर एक बारीक लाईट जळत असते. म्हणून पावसाळ्यात वीज कडाडायला लागली की बोर्डाचं बटण बंद करून पिनच काढायची. इंटरनेटची केबल पण काढा, तांब्याच्या तारेतूनही झटका येतो.

रिसेट

असेंबल केलेल्या कॅबिनेटवर पॉवरच्या शेजारी एक बारीक बटण असतं. ते दाबलं की विचारपूस नाही, सेव्ह नाही, थेट मशीन पुन्हा सुरू. ब्रँडेड मशीनवर ते बहुतेक नसतंच. माझ्या मते दुकानातल्या कॉम्प्युटरला हे बटण नसलेलं बरं. असलंच तर त्यावर चिकटपट्टी लावा.

पण याच बटणाचा एक फार कामाचा उपयोग आहे. पॉवर बटण हजारो वेळा दाबून एक दिवस खिळखिळं होतं. दाबलं तरी काही होत नाही. लगेच नवीन कॅबिनेटचं बोलणं सुरू होतं. थांबा! पॉवर काय, रिसेट काय, दोन्ही आतून अगदी एकसारखी, दोन तारांची साधी बटणं आहेत. कॅबिनेटच्या आत मदरबोर्डच्या कोपऱ्यात छोट्या पिनांचा गठ्ठा असतो. तिथे समोरून आलेल्या बारीक वायरी लावलेल्या असतात आणि त्यांच्या टोकांवर "पॉवर एसडब्ल्यू", "रिसेट एसडब्ल्यू", "एचडीडी एलईडी", "पॉवर एलईडी" असं छापलेलं असतं. रिसेटची वायर काढून पॉवरच्या पिनांवर लावली की झालं, आता रिसेटचं बटण पॉवरचं काम करतं. एक रुपया खर्च नाही. बटणाच्या वायरीला उलट-सुलट नसतं, कशीही लावली तरी चालते. लाईटच्या वायरीला मात्र प्लस-मायनस असतं. उलटी लावली तर काही जळत नाही, फक्त लाईट लागत नाही. स्वतः करायची भीती वाटत असेल तर मेकॅनिकला सांगा, "रिसेटची वायर पॉवरला लावून द्या." हे वाक्य ऐकलं की समोरचा माणूस नवीन कॅबिनेटचा विषय काढत नाही. (ब्रँडेड मशीनमध्ये वायरीची रचना वेगळी असते, तिथे हा उपाय चालेलच असं नाही.)

लाईट काय बोलतात

पॉवरची लाईट स्थिर: मशीन चालू. विझलेली: बंद. हळूहळू श्वास घेतल्यासारखी लागते-विझते: मशीन झोपलंय, म्हणजे स्लीपमध्ये आहे. झोपलेल्या मशीनमध्ये तुमचं उघडं काम रॅममध्ये असतं आणि रॅमला करंट लागतोच. रात्री लाईट गेली आणि यूपीएस संपला, की न सेव्ह केलेलं काम गेलं. रोज रात्री बिलिंग उघडं ठेवून स्लीप करून घरी जाणारे महाभाग मी पाहिलेत. नका करू असं.

रंग पिवळसर किंवा लाल झाला, तर मशीन तक्रार करतंय. डेलच्या डेस्कटॉपवर पॉवर बटणाचीच लाईट ठरावीक वेळा पिवळी आणि मग ठरावीक वेळा पांढरी लुकलुकते, थांबते, परत तेच. एचपीच्या बऱ्याच मशीनवर लाल लाईट आणि सोबत बीपचा आवाज. ती उगाच लुकलुक नाही, तो कोड आहे. उदाहरणार्थ, अलीकडच्या बऱ्याच डेल डेस्कटॉपवर दोन पिवळे आणि तीन पांढरे झबके म्हणजे रॅम सापडत नाही. अनेकदा रॅम नुसती काढून, पुसून, परत घट्ट बसवली की भागतं. मशीन हलवून दुसऱ्या टेबलावर ठेवलं असेल तर हमखास असं होतं. तेव्हा असं काही दिसलं की मोबाईल काढा, आवाजासकट अर्धा मिनिट व्हिडिओ घ्या आणि मॉडेल नंबरसोबत मेकॅनिकला पाठवा. "चालू होत नाहीये" एवढंच सांगितलं तर तो अंदाज करणार, आणि अंदाज नेहमी महागाचाच असतो!

काहीच लाईट लागत नाही? आधी बोर्डाचं बटण, मग यूपीएस, मग कॅबिनेटच्या मागचं काळं बटण बघा. त्यावर रेघ आणि शून्य असतं. शून्याची बाजू दाबलेली असेल तर मशीन बंदच राहणार. सफाई करताना हे बटण दाबलं जातं आणि हजार रुपयांची व्हिजिट होते.

आणि हो, मॉनिटरची लाईट वेगळी. मॉनिटरची पिवळी लुकलुक म्हणजे बहुतेक वेळा "मला चित्र येत नाहीये". केबल सैल झाली का बघा. मॉनिटरचं बटण दाबून "कॉम्प्युटर बंद केला" म्हणणारे कामगार तुमच्याकडेही असतील, त्यांना एकदा बसवून फरक दाखवा.

आता दुसरी छोटी लाईट, तिच्यापाशी पिंपासारखं गोल डबड्याचं चित्र असतं. ही हार्ड डिस्कची. डिस्कवर वाचणं-लिहिणं चाललं की ती लुकलुकते. न विझता बराच वेळ जळत राहिली तर डिस्कवर फार ओझं आहे. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर विंडोज १० किंवा ११ चालवत असाल तर सकाळी दहा-पंधरा मिनिटं ही लाईट विझतच नाही. तेव्हा रॅम वाढवण्याआधी एसएसडी बसवून बघा, फरक डोळ्यांना दिसेल. काही मशीनवर नव्या पद्धतीच्या, मदरबोर्डवर थेट बसणाऱ्या एसएसडीला ही लाईट लागतच नाही. त्यात बिघाड नाही.

यूएसबी: खरी मारामारी इथेच

समोर दोन, तीन किंवा चार यूएसबी पोर्ट असतात. आतली जीभ काळी किंवा पांढरी असेल तर ते सहसा यूएसबी २, निळी असेल तर यूएसबी ३. रंगावर पूर्ण भरवसा नको, काही कंपन्या सगळंच काळं ठेवतात. पोर्टशेजारी त्रिशूळासारखं चिन्ह असतं, त्याच्यासोबत "एसएस" ही अक्षरं असतील तर तो वेगवान पोर्ट. बॅटरीचं किंवा विजेचं चिन्ह असेल तर तो मोबाईलला जास्त करंट देणारा पोर्ट.

वेगाचा फरक किती? यूएसबी २ कागदावर सेकंदाला ४८० मेगाबिट, यूएसबी ३ पाच गिगाबिट, म्हणजे दहापट. प्रत्यक्षात यूएसबी २ वर सेकंदाला ३०-४० एमबी मिळतात. म्हणजे लग्नाच्या शूटिंगची ४ जीबीची फाईल दोन मिनिटांच्या आसपास, आणि ६४ जीबीचं कार्ड उतरवायचं तर अर्धा तास. फोटो स्टुडिओवाल्यांनो, निळा पोर्ट शोधा. पण पेनड्राइव्हच स्वस्तातला असेल तर निळ्या पोर्टात घालूनही तो आपल्याच चालीने चालणार, हे गिऱ्हाइकालाही सांगा.

करंटचंही तसंच. यूएसबी २ च्या पोर्टाने ५ व्होल्टवर ५०० मिलीअँपिअर द्यायचे असा नियम, म्हणजे अडीच वॅट. यूएसबी ३ ला ९००, म्हणजे साडेचार वॅट. समोरचे पोर्ट आतून वायरीने जोडलेले असतात, मागचे थेट मदरबोर्डवरच बसवलेले. म्हणून पोर्टेबल हार्ड डिस्क समोर लावली की कधी कधी "टिक टिक" आवाज करते आणि दिसत नाही. डिस्क खराब झाली म्हणून रडू नका, आधी मागच्या निळ्या पोर्टात लावून बघा.

तर जे कायमचं आहे ते मागे: बारकोड स्कॅनर, थर्मल प्रिंटर, कीबोर्ड, माऊस. समोरचे पोर्ट येण्या-जाणाऱ्या वस्तूंसाठी मोकळे ठेवा. डिजिटल सहीचा टोकन मात्र समोर लावून विसरायचा नाही. टेंडर किंवा रिटर्न भरून झालं की काढायचा आणि ड्रॉवरमध्ये कुलपात. तो नुसता पेनड्राइव्ह नाही, ती तुमची सही आहे. समोर बाहेर आलेला टोकन गुडघ्याला लागून वाकला तर टोकनही जातो आणि पोर्टही.

ताईंचा पोर्ट कसा तुटला होता? दिवसाला वीस-तीस पेनड्राइव्ह, प्रत्येक गिऱ्हाईक आपल्या हाताने, घाईत, उलटा घालून दाबणार. आता त्यांनी साधा उपाय केलाय. एक यूएसबीची एक्स्टेन्शन वायर घेतली, शंभर-दीडशेची. तिचं एक टोक कायम पोर्टात, दुसरं टोक काउंटरवर आणून चिकटवलं. गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह तिथेच लागतो. झिजेल ती वायर झिजेल, कॉम्प्युटरचा पोर्ट नाही. आणि तुटलेली जीभ दिसली की त्या पोर्टात पुन्हा काहीही घालायचं नाही, त्यावर टेप मारायचा. आतून वायर काढून घेतलीत तर उत्तमच.

व्हायरसबद्दल थोडक्यात. विंडोज ७ पासून पेनड्राइव्ह लावल्याबरोबर त्यातला प्रोग्रॅम आपोआप चालू होणं बंद झालंय. पण फोल्डरच्या जागी शॉर्टकट दिसतो, आपण त्यावर डबल क्लिक करतो आणि मग व्हायरस आत येतो. तेव्हा क्लिक करण्याआधी चिन्हाच्या कोपऱ्यात छोटा बाण दिसतोय का ते बघा. आणि जमत असेल तर प्रिंटचं मशीन वेगळं, हिशोबाचं मशीन वेगळं. जुनं पडीक मशीन प्रिंटला पुष्कळ झालं. हिशोबाच्या मशीनमध्ये गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह, मग तो पाहुण्यांचा असला तरी, नाही म्हणजे नाही.

"दादा, जरा मोबाईल चार्जिंगला लावू का?" याला उत्तर म्हणून भिंतीवर एक साधा चार्जर लावून ठेवा. अडीच वॅटवर मोबाईल तासभर लावला तरी काही होत नाही, आणि लोंबणारी केबल ओढली गेली की पोर्ट सैल होतो.

हेडफोन, कार्ड, सीडी

हिरवं छिद्र आवाजाचं, गुलाबी माईकचं. हल्ली बऱ्याच मशीनवर एकच छिद्र असतं आणि त्याशेजारी माईकसकट हेडफोनचं चित्र. तिथे मोबाईलचा इयरफोन थेट चालतो. दोन छिद्रांच्या मशीनमध्ये मोबाईलचा इयरफोन हिरव्यात घातला तर आवाज येतो पण तुमचं बोलणं समोरच्याला जात नाही, कारण त्या एकाच पिनेवर दोन्ही कामं असतात. एका पिनेची दोन करणारी छोटी वायर मिळते, ती घ्या. ऑनलाइन मीटिंगच्या आधी घ्या, मीटिंगमध्ये नाही!

कार्ड रीडर असेल तर एसडी कार्डाच्या कडेचं बारीक कुलूप लक्षात ठेवा. ते खाली सरकलेलं असेल तर कार्डावरून काही डिलीट होत नाही, नवीन टाकता येत नाही. आणि सीडीचा ट्रे अडकला, हॉस्पिटलची स्कॅनची सीडी आत राहिली, तर मशीन बंद करा. ट्रेवर सुईएवढं भोक असतं, त्यात कागदाची क्लिप सरळ करून घाला आणि हळू दाबा. ट्रे थोडा बाहेर येतो, मग हाताने ओढा.

सेकंडहँड घेताय?

अनेकजण सुरुवात सेकंडहँड मशीनने करतात, चांगलंच आहे. दुकानदार तुम्हाला प्रोसेसर, रॅम, एसएसडी दाखवेल. समोरच्या भागाकडे तो बघतच नाही, तुम्ही बघा. खिशात एक पेनड्राइव्ह आणि एक इयरफोन घेऊन जा. प्रत्येक यूएसबीत पेनड्राइव्ह लावा, दिसतोय का बघा, लावून जरासा हलवा. हलवल्यावर तुटक आवाज येऊन तो गायब झाला तर पोर्ट सैल आहे. मोबाईलचा टॉर्च मारून प्रत्येक पोर्टातली जीभ शाबूत आहे का पाहा. पॉवर बटण दहा वेळा दाबून बघा, ते अडकता कामा नये. इयरफोन लावून एक गाणं लावा. समोरून आवाज नाही आणि मागून येतोय, असं असेल तर बहुतेक वेळा आतली वायर लावलेलीच नसते. तिथल्या तिथे लावून घ्या, पैसे द्यायच्या आधी.

यातला एखादा पोर्ट बंद निघाला म्हणून सौदा मोडू नका. तेवढे दोनशे-तीनशे रुपये कमी करून मागा आणि त्यातून ती एक्स्टेन्शन वायर घ्या.